पुडीवरचा आकडा आणि आतला माल : हातातल्या लेझरसाठी सेल निवडताना

आपल्याकडे 'बॅटरी' म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढे टॉर्च येतो. 'अंधार आहे, बॅटरी घेऊन जा' असं आजी म्हणायची तेव्हा तिच्या मनात आतला सेल नसायचा, हातात धरायची उजेडाची नळी असायची. गुजरातीतही तसंच. पाठ्यपुस्तकात मात्र एका सेलला 'विद्युत घट' म्हणतात आणि अनेक घट जोडले की 'घटमाला'. मला हा घट शब्द फार आवडतो. घट म्हणजे मडकं. मडकं घेताना आपण कुंभाराच्या बोलण्यावर जात नाही, बोटाच्या पेराने ठोकून बघतो, खणखणीत आवाज आला तरच घेतो. लिथियमचा सेल घेताना ही ठोकून बघायची सवय कुठे जाते कोण जाणे. वरच्या वेष्टनावर मोठा आकडा छापलेला दिसला की आपण पैसे काढून मोकळे.

विषय तसा छोटाच आहे. हातात धरून वापरायच्या लेझरमध्ये कोणता रिचार्जेबल सेल घालावा, आणि तो खरा आहे हे घरबसल्या कसं ओळखावं, एवढंच बघायचं आहे. उदाहरणं बहुतेक सुरतेतली येतील, कारण माझं आजोळ सुरतेत, उधन्याला. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेल्या मराठी माणसांची वस्ती मोठी आहे. जळगाव-धुळे-नंदुरबारकडची माणसं ताप्ती व्हॅलीच्या गाडीने आली आणि लूम, मिल, बांधकाम, हिरे यांत मिसळून गेली.

सुरतेत लेझर म्हटलं की लोकांना हिऱ्याचा कारखाना आठवतो. कच्चा हिरा पूर्वी पातळ धातूच्या फिरत्या चकतीने कापत, आता बहुतेक ठिकाणी लेझरने कापतात. साड्यांच्या कामातही कापड आणि काठ कापायला लेझरची मशिनं आली. पण ही सगळी मशिनं भिंतीतल्या विजेवर चालतात, त्यांना सेलचा प्रश्न नाही. सेलचा प्रश्न येतो तो खिशातल्या आणि पेटीतल्या लेझरला. टाइल्स, फर्निचर, फॉल्स सीलिंगवाल्यांकडे असते ती लेव्हल, जी भिंतीवर हिरवी किंवा लाल रेघ मारते. अंतर मोजायचं लेझर मीटर. वर्गात फळ्यावर किंवा रात्री आकाशातल्या ताऱ्याकडे बोट दाखवायला वापरतात तो पॉइंटर. यातल्या लहान वस्तू पेन्सिल सेलवर चालतात, मोठ्या वस्तूंमध्ये बहुतेकदा १८६५० नावाचा सेल असतो.

हा आकडा म्हणजे माप आहे. १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचं शून्य म्हणजे गोल नळीचा आकार. याच रीतीने १४५०० म्हणजे १४ बाय ५० आणि १०४४० म्हणजे १० बाय ४४. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे त्यांच्यावरूनच मोठा घोटाळा होणार आहे.

थोडं रसायन. लिथियम-आयन सेल बाजारात आणला सोनी कंपनीने, १९९१ साली. त्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो, वापरताना बराच वेळ ३.६-३.७ च्या आसपास राहतो, आणि ३ च्या खाली गेला की तो रिकामा समजायचा. मॉडेलच्या नावाआधीची अक्षरं आतलं रसायन सांगतात. आयसीआर म्हणजे कोबाल्ट, आयएनआर म्हणजे निकेल, आयएमआर म्हणजे मँगनीज, आयएफआर म्हणजे लोह-फॉस्फेट. कोबाल्टवाला तापला की लवकर बिथरतो. लोह-फॉस्फेट स्वभावाने शांत, पण त्याचा दाब ३.२ व्होल्टच आणि तो ३.६५ पर्यंतच भरायचा असतो. म्हणून तो ३.७ व्होल्टच्या उपकरणात किंवा साध्या चार्जरमध्ये चालवू नये. लेझरसाठी आयएनआर हा सरळ मार्ग आहे, बाकी अक्षरांत फार अडकून पडायची गरज नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. माझे मामा फर्निचरचं आणि सीलिंगचं काम करतात. मागच्या सुट्टीत गेलो तेव्हा त्यांची लेव्हल तासाभरात मंद पडत होती. सेल नवे होते, नाक्यावरच्या एका दुकानातून घेतलेले.

"मामा, हे सेल कितीचे आहेत?"

"नऊ हजार नऊशेचे आहेत भाचा! वर लिहिलंय ना, वाच. कंपनीचे होते ते फक्त दोन हजार सहाशेचे होते."

"आणि पडीक्यावर दोन कॅरेट लिहिलं असतं, तर उघडून न बघता घेतलं असतं का?"

मामा हसले. त्यांचा मोठा मुलगा हिरे निवडायच्या कामावर आहे, त्यामुळे पडीकं म्हणजे काय हे त्या घरात सांगावं लागत नाही. हिऱ्याची घडीची कागदी पुडी. वर वजन लिहिलेलं असतंच, पण घेणारा ती उघडतो, चिमट्याने खडा उचलतो, आयग्लास डोळ्याला लावतो आणि काट्यावर स्वतः वजन करतो. लिहिणाऱ्यावर अविश्वास असतो असंही नाही, ती रीतच आहे. मग मी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा मागितला. मामींनी 'आता काय बॅटऱ्यांची भाजी करायची का' असं विचारून तो दिला.

खरा १८६५० सेल साधारण ४४ ते ४९ ग्रॅम भरतो. हिऱ्याच्या भाषेत सांगायचं तर सव्वादोनशे कॅरेटच्या आसपास, कारण एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. मामांचा सेल २७ ग्रॅम भरला. म्हणजे जवळजवळ निम्मा माल आत नव्हताच. असे सेल कापून बघितलेल्यांना आत लहानसा दुसरा सेल आणि उरलेल्या जागेत भुकटी भरलेली सापडली आहे. काही हुशार मंडळी वजन जुळावं म्हणून भुकटी जड भरतात, त्यामुळे वजन बरोबर आलं म्हणजे सेल खरा असं नाही. पण वजन कमी आलं तर तो खोटा, यात शंका नको.

आकड्याचंही तसंच. सेलमध्ये किती वीज मावते ते मिलिअँपिअर-तासांत मोजतात. १८६५० च्या डब्यात नामांकित कंपन्यांनी वर्षानुवर्षं घासून घासून ३,५०० च्या आसपास मजल मारली, अलीकडे काही थोड्या पुढे सरकल्या. सॅमसंगचा ३५ई हा ३,५०० चा, ३०क्यू हा ३,००० चा. तेवढ्याच डब्यात कुणी ६,८०० किंवा ९,९०० भरून देतो म्हणत असेल तर तो किलोच्या पिशवीत तीन किलो साखर भरून देतो म्हणतोय. इथे एक उलटी खूण कामाला येते : आकडा जितका साधा, तितका सेल खरा असायची शक्यता जास्त. २,६०० लिहिलेल्या सेलची नक्कल करून कुणाला काय मिळणार?

मग लेव्हल मंद का पडत होती? आत वीज कमी होती हे एक कारण झालं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे आणि ते बारावीच्या भौतिकशास्त्रात येऊन गेलेलं आहे. प्रत्येक सेलला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. समजा, उपकरण एक अँपिअर प्रवाह मागतंय. चांगल्या सेलचा रोध ०.०५ ओहम धरला तर ०.०५ व्होल्ट आतल्या आत खर्च होतात, ३.७ चे ३.६५ बाहेर येतात, लेझरला पत्ताही लागत नाही. खोट्या किंवा म्हाताऱ्या सेलचा रोध ०.५ ओहम असला तर अर्धा व्होल्ट आत जळतो, बाहेर ३.२ येतात, आणि जळलेला तो अर्धा व्होल्ट उष्णता होऊन सेललाच तापवतो.

हिरव्या लेझरमध्ये हे आणखी बिकट होतं. लाल डायोडला सव्वादोन-अडीच व्होल्ट पुरतात, त्यामुळे एका सेलमध्ये भागतं. थेट हिरवा प्रकाश देणाऱ्या डायोडला एका सेलच्या दाबापेक्षा जास्त दाब लागतो, म्हणून आत दाब वाढवणारं सर्किट असतं. या सर्किटचा स्वभाव सावकारासारखा आहे. त्याला ठरलेली शक्ती हवीच असते, सेलचा दाब उतरला की ते प्रवाह वाढवून वसुली करतं. समजा सर्किटला ५ वॅट हवेत. सेल ४.२ वर असताना ते सुमारे १.२ अँपिअर ओढेल, ३.२ वर आल्यावर १.५६ ओढेल. म्हणजे सेल जितका दमलेला, तितकं ओझं जास्त. कमजोर सेल इथेच मोडतो, आणि माणसाला वाटतं लेझर बिघडला. मामांनी लेव्हल दुरुस्तीला टाकायची तयारी केली होती.

म्हणून सेलवर दोन आकडे बघायचे. साठवण किती, आणि सतत किती प्रवाह देऊ शकतो. ३५ई सतत ८ अँपिअर देऊ शकतो, ३०क्यू १५ अँपिअर. वर्गातल्या छोट्या पॉइंटरला काहीशे मिलिअँपिअर पुरतात, त्यासाठी १५ अँपिअरचा सेल घेणं म्हणजे भाजी आणायला ट्रक काढणं. तिथे जास्त साठवणीचा सेल घ्या. प्रवाहाचा आकडा कुठेच सापडत नसेल तर तो सेल घेऊ नका.

आता तो मापांचा घोटाळा. १४५०० हा दिसायला हुबेहूब साधा पेन्सिल सेल, आणि १०४४० हा बारक्या पेन्सिल सेलसारखा. पण साधा सेल १.५ व्होल्टचा आणि हे लिथियमवाले भरल्यावर ४.२ व्होल्टचे. दोन बारक्या सेलवर चालणाऱ्या पॉइंटरला ३ व्होल्टची सवय असते. त्यात दोन १०४४० घातले तर ८.४ व्होल्ट जातात. साधा बल्ब असता तर क्षणभर झगमगून उडाला असता. लेझर डायोड त्याहून नाजूक, प्रवाह मर्यादेबाहेर गेला की डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याचा आरसा जळतो. तिसरी शक्यता सगळ्यात वाईट. डायोड जळत नाही, थोडा वेळ ठरलेल्यापेक्षा कितीतरी प्रखर प्रकाश देतो, आणि हातात धरणाऱ्याला वाटतं, वा, काय जोरदार चालतोय! पाच मिलिवॅटच्या आतला समजून वर्गात फिरवलेला तो किरण मग पाच मिलिवॅटच्या आतला राहिलेला नसतो. पडद्यामागचा पेशींचा थर जळला तर दुखतही नाही, नजरेत ठिपका राहतो.

तीन व्होल्टच्या सीआर१२३ए या एकदाच वापरायच्या सेलचंही तेच. त्याच मापाचा रिचार्जेबल म्हणून १६३४० मिळतो, तो ४.२ पर्यंत भरतो. उपकरणाच्या पुस्तिकेत चालतो असं लिहिलं नसेल तर घालू नये. पेन्सिल सेलच्या लेझरसाठी रिचार्जेबल हवाच असेल तर निकेलचा १.२ व्होल्टचा सेल घ्या, किंवा १.५ व्होल्ट स्पष्ट छापलेला, आतच दाब उतरवणारं सर्किट असलेला लिथियम सेल घ्या. एक गोष्ट मात्र नक्की : निकेलच्या चार्जरमध्ये लिथियम सेल कधीच लावायचा नाही.

जिथे दोन सेल एकामागे एक बसतात तिथे ते जोडीने घ्यायचे, जोडीने भरायचे, जोडीनेच काढून टाकायचे. खानदेशातल्या माणसाला हे समजवायला लागत नाही. एक बैल तरणा आणि एक थकलेला असं औत कुणी जुंपत नाही. सेलच्या जोडीत थकलेला आधी रिकामा होतो आणि तरणा त्याच्यातून प्रवाह रेटतच राहतो. त्यातूनच गॅस, गळती आणि पुढचं सगळं.

काही सेलच्या बुडाशी नाण्याएवढं संरक्षक सर्किट असतं. जास्त भरणं, जास्त रिकामं होणं, शॉर्ट होणं, या तिन्हीपासून ते सेलला तोडून वेगळं करतं. हातातल्या लेझरला शक्यतो असाच सेल घ्यावा असं माझं मत आहे, कारण स्वस्त पॉइंटरमध्ये वेळेवर बंद पडायची सोयच नसते. बटण दाबलेलं राहून पॉइंटर पेटीत रात्रभर चालू राहिला, तर साधा सेल पार तळाला जातो. दोन व्होल्टच्या खाली गेलेल्या सेलमधला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो, आणि पुन्हा चार्ज केल्यावर ते तांबं नको तिथे साचून आतून शॉर्ट करू शकतं. असा 'मेलेला' सेल दुसऱ्या सेलला जोडून जिवंत करायची युक्ती कारागिरांत फार चालते. करू नये. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. सर्किटवाला सेल ६५ ऐवजी ६८ ते ७० मिलिमीटर लांब होतो. आधी जुना सेल पट्टीने मोजा, त्याचं टोक उंच आहे की सपाट ते बघा, मग बाजारात जा. नळी दाबून बसवलेला सेल वेष्टन फाडतो.

हे वेष्टन म्हणजे शोभेचा कागद नाही. सेलचा सगळा धातूचा डबा ऋण टोक असतो, वरच्या टोपीपासून त्याला वेगळं ठेवतं ते फक्त हे पातळ प्लास्टिक आणि कडेची एक चकती. लेझरची नळीही धातूचीच. वेष्टनाला चीर पडली की सेल आतल्या आत शॉर्ट. सुटा सेल किल्ल्या आणि चिल्लर असलेल्या खिशात टाकला तर तेच. प्लास्टिकची छोटी डबी मिळते, ती घ्या. हे वेष्टन बाजारात सुटं मिळतं आणि गरम हवेने बसतं, हेही सांगून ठेवतो. जुन्या लॅपटॉपमधून काढलेला सेल नवं वेष्टन घालून 'नवा' होतो तो असाच. काट्यावर तो पास होईल, कारण तो खरा आहे, फक्त म्हातारा आहे. त्याला पकडायला टोपीकडे बघा : धातूच्या टोकावर वेल्डिंगचे बारीक ठिपके किंवा घासल्याच्या खुणा असतील तर तो आधी कुठेतरी नांदून आलेला आहे.

खरा सेल मिळतो कुठे, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर थोडं गैरसोयीचं आहे. मोठ्या कंपन्या सुटे १८६५० किरकोळ ग्राहकासाठी बनवतच नाहीत. ते पॅक बांधणाऱ्या कारखान्यांसाठी असतात, आणि सुटे वापरू नका असं त्या स्वतः सांगतात. अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये सुट्या १८६५० सेलबद्दल जाहीर इशारा दिला होता. म्हणजे दुकानातल्या काचेखाली दिसणारा सुटा 'नामांकित' सेल कुठल्या ना कुठल्या आडवाटेने तिथे आलेला असतो. सोनीचं तर वेगळंच. २०१७ साली सोनीने बॅटरीचा धंदा मुराता कंपनीला विकला, त्यामुळे आज 'सोनीचा ताजा माल' असं कुणी म्हणालं तर ताजा म्हणजे कधीचा, हे विचारायला हवं.

म्हणून माझा क्रम असा. लेझर ज्या कंपनीचा, तिचाच पॅक मिळत असेल तर महाग पडला तरी तोच. तो मिळत नसेल तर संरक्षक सर्किट घालून, स्वतःचं नाव लावून, बिल देऊन विकणाऱ्या कंपनीचा सेल. तेही नसेल तर सुटे भाग विकणारा जुना, ओळखीचा दुकानदार, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोडला असतो तसा, जो बिलावर मॉडेल नंबर लिहून द्यायला कचरत नाही. बिलावर 'सेल २ नग' एवढंच लिहिणाऱ्याला नमस्कार करून पुढे जावं. भारतात अशा सेलना आयएस १६०४६ या मानकाखाली नोंदणी सक्तीची आहे. मानचिन्हाजवळ 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. क्रमांक छापणं सोपं आहे, म्हणून नुसता छापलेला बघून थांबू नका, तपासा.

घरी आणल्यावरची परीक्षा. वजन झालं. पूर्ण भरा, तासभर थांबा, मल्टिमीटर लावा : ४.२ किंवा त्याला लागून आकडा हवा. तसाच आठवडाभर ठेवा. चांगला सेल ४.१ च्या वरच सापडतो. आठवड्यात ४ च्या खाली आला तर आत कुठेतरी गळती आहे, तो परत करा. साठवण मोजणारा चार्जर चार कारागिरांत मिळून एक घेतला तरी पुरतो. मामांच्या सेलने त्यावर १,१०० दाखवले. नऊ हजार नऊशेपैकी! मामा म्हणाले, "आठ हजार आठशे दुकानदाराने दलाली कापली."

चार्जरवर दोन शब्द जास्त खर्च करतो. लिथियमचा चार्जर आधी ठरलेला प्रवाह देतो, सेल ४.२ ला पोचला की दाब तिथेच धरून प्रवाह कमी कमी करत नेतो आणि शेवटी पूर्ण थांबतो. शेवटी थांबणं ही त्यातली मुख्य गोष्ट. पॉइंटरबरोबर फुकट येणारे काही चार्जर थांबतच नाहीत, फक्त दिवा हिरवा करतात. प्रवाहही सेलच्या अंगाला झेपेल तेवढा हवा. साधारण साठवणीच्या निम्मा, म्हणजे २,६०० च्या सेलला १ अँपिअर सुखाने चालतो. पण १०४४० ची साठवण ३५० च्या आसपास, त्याला तोच १ अँपिअर म्हणजे लहान मुलाला पैलवानाचा खुराक. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच छोट्या चार्जिंग पट्ट्या १ अँपिअरवरच बसवलेल्या असतात. सेल भरताना हाताला कोमट लागला तर ठीक, धरवत नसेल तर लगेच काढा.

सुरतेच्या एप्रिल-मे महिन्यांत बाइकच्या डिकीत लेव्हल ठेवून दुपारभर साइटवर उभी केली तर आतल्या सेलचं आयुष्य भराभर कमी होतं. पूर्ण भरलेला सेल उन्हात ठेवणं सगळ्यात वाईट. पावसाळ्यात काम बंद असेल तर सेल निम्मे भरून, लेझरमधून काढून, कोरड्या डब्यात ठेवावेत.

आणि चार्जिंगची जागा. २४ मे २०१९ रोजी सुरतेच्या सरथाणा भागातल्या तक्षशिला आर्केडला आग लागली आणि २२ जीव गेले, क्लासला आलेली मुलं. ती आग सेलमुळे लागलेली नव्हती. पण जिना धुराने भरला की वरच्या माणसाला उडीशिवाय वाट राहत नाही, हे त्या दिवशी सगळ्या देशाने पाहिलं. आपल्या चाळीत आणि रो-हाउसमध्ये रिकामा प्लग नेमका जिन्याखाली किंवा दाराशी असतो, शेजारी चपलांचं लाकडी कपाट, आणि चार्जर तिथेच लावून मंडळी झोपतात. सेल बिथरला तर पेट घेणारा द्रव आणि विषारी वायू बाहेर टाकतो. लेझरच्या बंद धातूच्या नळीत तो बिथरला तर नळीच फुटते, आणि ती आपल्या हातात असते. म्हणून सेल बाहेर काढून भरायचा, फरशीवर किंवा स्टीलच्या ताटात, बाहेर पडायच्या वाटेपासून दूर, आणि जागेपणी. आग लागलीच तर आधी मेन बंद, माणसं बाहेर, मग दुरून भरपूर पाणी. पाणी सेलला थंड करतं, वाटीभर पाण्याने काही होत नाही.

खरा सेल मिळाल्यावर लेझरही जोरात चालेल, तेव्हा एक सूचना तारे बघणाऱ्यांसाठी. सुरतचं विमानतळ डुमस रस्त्यावर आहे, त्या बाजूला आकाशात हिरवा किरण फिरवू नका. उतरणाऱ्या वैमानिकाच्या काचेवर तो पसरून सगळी काच हिरवी करतो. विमानाने जाताना सुटे सेल चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, टोकं झाकून हातातल्या बॅगेत ठेवायचे. १०० वॅट-तासांची मर्यादा असते, आपला ३,४०० चा सेल जेमतेम १२ चा, त्यामुळे त्याची चिंता नको.

मामांचे ते दोन सेल मी रिकामे करून, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या डबीत ठेवले. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार सेल घरच्या कचऱ्यात टाकायचे नसतात. दाराशी येणाऱ्या कचऱ्याच्या गाडीत टाकले, तर पुढे दाबून भरणाऱ्या मशिनमध्ये ते चेपले जातात, आणि चेपलेला सेल कागद-प्लास्टिकच्या ढिगात पेटतो. सुरतेतल्या ई-कचरा घेणाऱ्याकडे एका खेपेत द्यायला निदान दहा-बारा तरी जमू देत म्हणून मामांनी साइटवरच्या पोरांनाही सांगून ठेवलं आहे. डबीवर मामींनी खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'भाजीची नाही'.